पाचवा ठिपका

लटारीभाऊ, परवा तुमच्या शोकसभेत मी खोटं बोललो.

मंडप वगैरे काही नव्हता. गॅरेजच्या आवारात आपण जिथे गिअरबॉक्स धुवायचो, तिथेच सतरंज्या टाकल्या होत्या. लोखंडी टेबलावर तुमचा फोटो. टेबलावरचं ऑईल कितीही घासलं तरी निघेना, म्हणून मालकांनी वरून पांढरी चादर घातली. चंद्रपुरातले झाडून सारे मेकॅनिक आले, मूल-बल्लारपूरचे आले, अहेरीहून मल्लेश ड्रायव्हरसुद्धा आला. बोलायला मला उभं केलं. तुमच्यासोबत सगळ्यात जास्त वर्षं मीच काढली ना! ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे नवीन नवीन आल्या तेव्हा भल्याभल्यांनी हात वर केले, आणि हा सातवी पास माणूस तो गिअरबॉक्स उघडून बसला, हे सांगितलं. लोक ऐकत होते. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, ‘‘चूक कोणाच्या हातून होत नाई? भाऊच्याही हातून एकदा झाली. पण ती त्याईनं सगळ्यांसमोर कबूल केली.’’

लोकांनी माना हलवल्या. एकाने डोळे पुसले. वत्सलावहिनी पुढेच बसल्या होत्या. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

ती चूक माझी होती, भाऊ. तुमच्या जिवंतपणी तुमच्या माथी मारली ती मारलीच, आणि आता तुम्ही गेल्यावर भर सभेत तुम्हाला मोठ्या मनाने माफसुद्धा करून टाकलं. थू माझ्या जिनगानीवर!

तुम्ही असते तर म्हणाले असते, ‘‘गजू, लेका, आता बस कर. चहा घे.’’ नाही भाऊ, आज चहा नाही. आज ऐका.

सोलेनॉईड मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलं. अंगठ्याएवढा नग, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. मी म्हटलं, एवढंसं हे काय करते? तुम्ही म्हणाले, ‘‘तलावाच्या पाटाले दार असते ना? उघडलं का पाणी धानात, लावलं का बंद. तसंच हे. याचं दार करंटनं उघडते, आन् पाण्याच्या जागी तेल जाते.’’ अशी पाच दारं उघडून-मिटून ती गाडी आपली आपण गिअर बदलते. मला कोणी एवढ्या सोप्या शब्दांत काही शिकवलं नव्हतं. आयटीआयमध्येही नाही.

आणि ते बिघडायचं कसं, तर पक्क्या लबाडासारखं. गार असलं की सगळं बरोबर. तास-दीड तास गाडी चालली, तेल तापलं, की वेटोळ्यातली तार आतल्या आत सुटायची आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसायची. ना वर, ना खाली. ड्रायव्हरने गाडी बंद करून अर्धा तास झाडाखाली काढला की गाडी पुन्हा शहाणी. गॅरेजमध्ये येईपर्यंत तर काही झालंच नाही असा चेहरा.

माझ्याकडे स्कॅनर होता. लावला की कोणत्या सोलेनॉईडच्या लाइनीत गडबड आहे ते पडद्यावर यायचं. मग ते काढून मी तार तपासायचा मीटर लावायचो, तर आकडा बरोबर! येईलच बरोबर, ते गार झालेलं असायचं. तिथे माझी अक्कल संपायची आणि तुमचा गंज निघायचा.

तो जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. वहिनींचा भात शिजवायचा. तुम्ही तो गॅरेजमध्ये उचलून आणला म्हणून आठ दिवस त्या बोलल्या नव्हत्या. गंजात पाणी, पाण्यात तेलाचा डबा, तेलात तारेला बांधून सोडलेलं सोलेनॉईड आणि खाली स्टोव्ह. पाणी कितीही उकळलं तरी डब्यातलं तेल त्याच्यावर तापायचं नाही, म्हणजे गाडीत तापते तेवढंच तापायचं. तुम्ही समोर पिढा घेऊन बसायचे, मीटरच्या दोन्ही वायरी लावून, तासभर. खराब असलं की मधातच आकडा उडून जायचा. तुम्ही हसायचे नाही, काही नाही. नुसतं म्हणायचे, ‘‘सापडला.’’

आणि मी काय करायचो? तुमची टिंगल. ‘‘काय भाऊ, आज कांद्याचे का आलूचे?’’ पहिल्या दिवशी सगळं गॅरेज हसलं, तेव्हापासून मला चेवच आला. भजेवाले भाऊ. नाव असं चिकटलं की ट्रकवाले, जीपवाले, चहाचा टपरीवाला, सगळे तेच म्हणायला लागले. तुम्ही म्हणायचे, ‘‘आधी प्लेट धुऊन आण, मंग देतो.’’ तुम्हाला कधी लागलं असेल का, हे मी विचारलं नाही. माणूस हसतो म्हणजे त्याला लागत नाही, असं मी धरून चाललो.

सोलेनॉईड गरमातही चांगलं निघालं की तुम्ही ते पेट्रोलने धुवायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि त्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका लावायचे. ती बाटली तुम्ही अहेरीच्या बाजारातून वहिनींसाठी आणली होती, आणि वहिनींनी ‘‘बाप्पा, हा कोणता रंग आणला!’’ म्हणून परत केली होती. तो ठिपका तेलात वर्षानुवर्षं राहिला तरी निघायचा नाही. मालकांनी नियमच केला की पाचही ठिपके लागल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडी बाहेर जाणार नाही. गडचिरोलीकडचे ड्रायव्हर गाडी न्यायला आले की आधी विचारायचे, ‘‘भाऊचा ठिपका लागला का?’’

आपलं भांडण तर तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हणायचो, भाऊ, स्कॅनरने नाव सांगितलं ना, तो पार्ट फेका, नवीन टाका, मोकळे व्हा. तुम्ही म्हणायचे, ‘‘स्कॅनर गल्ली सांगते, गजू. घर आपल्यालेच शोधा लागते.’’ आणि खरंच दोन-तीनदा सोलेनॉईड धडधाकट निघालं, आणि त्याच्याकडे जाणारी वायर पत्र्याखाली दबलेली सापडली. मी तेव्हा म्हटलं, एखाद्या वेळेस होते असं. तुमचं बरोबर होतं एवढं म्हणायला माझी जीभ काही झडली नसती.

आता त्या दिवसावर येतो. सात वर्षं मी त्याच्या आजूबाजूने फिरलो, आता सरळ येतो.

सूरजागडच्या खाणीकडे काम करणाऱ्या एका ठेकेदाराची मोठी गाडी आली होती. मल्लेश तिच्यावर ड्रायव्हर होता. गाडी जुनी, म्हणून तुम्ही म्हणाले, पाचही गरम करून पाहू. सकाळपासून तुम्ही पिढ्यावर. तिसऱ्याचा आकडा उडाला, ते बदललं. नवीनसुद्धा तुम्ही तपासलं, कारण नवीन आहे म्हणून तुमचा कोणावर भरोसा नव्हता. चार ठिपके लागले. तेवढ्यात बारा वाजले आणि तुम्हाला गावाची बस धरायची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गावच्या तलावात जाळं ओढणार होते, आणि घरचा एक माणूस दोरीला नसला तर त्या घराला हिस्सा नाही, हा तुमच्या गावचा कायदा. तुम्ही हात धुतले आणि नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिली.

‘‘पाचवं राह्यलं. गरम करून पाय. बरोबर निघालं तरच ठिपका लाव.’’

ती बाटली तुम्ही याआधी कोणाच्या हातात दिली नव्हती. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तुम्ही गेले. मी पाचव्याला मीटर लावला, गारच. आकडा बरोबर. चोर तर तिसऱ्यात सापडला होता, मग या बिचाऱ्याची झडती कशाला, असं मनात आलं. पण खरं कारण ते नाही, भाऊ. खरं कारण सांगायला मला सात वर्षं लागली. समोर चार ड्रायव्हर बसले होते. मी गंजाला हात घातला, तसा त्यातला एक ओरडला, ‘‘अरे वा, आज नवीन भजेवाला!’’ सगळे फिदीफिदी हसले. ते नाव मीच पाडलेलं. तुम्ही ते किती वर्षं ऐकून घेतलं, आणि मला एक तास ऐकवलं नाही. मी गंज खाली ठेवला. धुतलं नाही, पुसलं नाही, तेलकट अंगावरच ठिपका लावला आणि सोलेनॉईड बसवून टाकलं. संध्याकाळी गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आले. हातात पळसाच्या पानात बांधलेली मरळ, माझ्यासाठी. हिश्शात आलेली सगळ्यात मोठी मला, असं तुम्ही नाही सांगितलं. ते नंतर वहिनींकडून कळलं. तुम्ही विचारलं, ‘‘पाचवं गरम केलं ना बे?’’

मी म्हटलं, ‘‘हो भाऊ.’’

आणि ती मरळ मी घरी नेली, बायकोने रस्सा केला आणि मी बोटं चाटत जेवलो.

पाचव्या दिवशी गाडी टोचन करून परत आणली. एटापल्लीच्या पुढे चढावर ती तिसऱ्यात अडकली होती. ताकद नाही, मागे खनिजाचा ट्रक. मल्लेशने गाडी कशीबशी कडेला घेतली, चाक नालीत गेलं, गाडी कलंडली. मागच्या सीटवर ठेकेदाराची म्हातारी आई होती. तिचा हात मोडला. ठेकेदाराने आधी रस्त्यातच मल्लेशच्या थोबाडीत मारली, मग आपल्या आवारात येऊन जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

तुम्ही गाडीखाली शिरले. मालक, ठेकेदार, मल्लेश, सगळे वाकून उभे. मी हातात लाईट धरून. माझं काम तेवढंच होतं, उजेड दाखवायचं. तुम्ही स्कॅनर मागितला नाही, सरळ पाचवं सोलेनॉईड काढलं आणि ठिपक्यावरून अंगठा फिरवला. ठिपका कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघून तुमच्या अंगठ्याला चिकटला. तुमचा ठिपका कधी निघायचा नाही, भाऊ. तुम्ही अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा पॅन्टला पुसला.

मालक म्हणाले, ‘‘पाचही तुमीच पाह्यले होते ना, भाऊ?’’

‘‘हो,’’ तुम्ही म्हणाले. ‘‘माह्याच हातून राह्यलं.’’

माझ्या हातातला लाईट हलला नाही, हे मला आठवते. एवढा मी घट्ट होतो.

तुम्ही असं काऊन केलं? माझ्या बायकोला आठवा महिना होता आणि मालक मला त्याच दिवशी काढतील, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून? का पाचवं माझ्यावर सोडून गेलो ही आपलीच चूक, असं तुम्हाला वाटलं? मी विचारलं नाही. विचारायला गेलो असतो तर आधी कबूल करावं लागलं असतं.

मालक भला माणूस, पण त्या दिवशी त्यांनाही ठेकेदारासमोर काहीतरी करून दाखवणं भाग होतं. ते म्हणाले, ‘‘भाऊ, आजपासून ऑटोमॅटिक गजू पाहीन. तुमचा ठिपका बंद.’’ तुम्ही बाटली शेल्फवर ठेवली, गंज धुतला आणि घरी घेऊन गेले. आणि त्यानंतर सात वर्षं तुम्ही क्लचप्लेटा बदलल्या, ट्रकखाली आडवे होऊन ग्रीस भरलं. मल्लेशने तुम्हाला रामराम करणं सोडलं. तुम्ही करायचे, तो तोंड फिरवायचा. मी हेही पाहिलं आणि पाहून पाना शोधायला वाकलो.

सगळ्यात वाईट काय सांगू? तुम्ही मला शिकवणं बंद केलं नाही. गाडी अडली की मी तुमच्याकडे कोपऱ्यात येऊन हळूच विचारायचो, आणि तुम्ही ट्रकखालूनच सांगायचे, अमुक वायर पाय, तमुक पिन हलवून पाय. बाहेर नाव माझं व्हायचं. मी ऑटोमॅटिकवाला झालो. तुम्ही एकदा जरी मला शिवी घातली असती ना, तर मी तिथेच रडून मोकळा झालो असतो. पण तुम्ही विचारायचे पोरगी काय करते, शाळेत जाते का.

मागच्या महिन्यात दवाखान्यात तुमच्या उशाशी बसलो होतो. नाकाला नळी. मी मनाशी ठरवूनच आलो होतो. वहिनी पाणी आणायला गेल्या, आता सांगतो म्हटलं, आणि तुम्हीच आधी बोलले. ‘‘गरम करून पायतोस ना?’’

मी म्हटलं, ‘‘हो भाऊ.’’

तीच लबाडी, तसेच शब्द. मी कुठला गरम करतो! संशय आला की नवीन टाकतो. तुम्ही डोळे मिटून घेतले. तुम्ही मला बोलायला जागा करून दिली होती, हे मला खाली स्टँडवरून गाडी काढताना समजलं. पुन्हा वर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. मग ते दोन-तीन दुसरे दिवस असेच गेले आणि मालकांचा फोन आला.

काल तुमच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, ‘‘लय चांगले बोलले तुमी काल.’’ आवाज साधा होता, टोमणा असेल तर मला ओळखू आला नाही. मग आतून गंज आणून माझ्यासमोर ठेवला. ‘‘हा गजूले देजा म्हणत होते. त्याच्यापाशी नाई म्हणे.’’ घासून लख्ख केलेला, बुडाला मात्र स्टोव्हचा काळा डाग तसाच. मी तिथे बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण तुमचा टॉवेल दोरीवर वाळत होता, आणि मी गंज काखेत मारून घरी आलो.

आज अकरा वाजता मल्लेश आला. तो आता दुसऱ्या गाडीवर आहे. सभेला आला तेव्हा गाडी ठेवून गेला होता, तीच तक्रार, तापली की तिसऱ्यात अडकते. मी रात्रभर जागून काही मोठा विचार केला असं नाही. सकाळी सोलेनॉईडं काढली, स्टोव्ह पेटवला, गंज ठेवला आणि पिढ्यावर बसलो. मालक आणि बाकीचे तिघं चहा पीत होते. मल्लेश हसला. ‘‘गजूभाऊ, आता तुमीपण भजे तळून राह्यले का?’’ मी म्हटलं, हो. तो जवळ येऊन उकिडवा बसला, गंजात वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘भाऊ गेले, त्याईले वाईट नाई बोलत मी. पन त्या दिवशी पाचवं असंच तापवून पाह्यलं असतं, तर म्हातारीचा हात वाचला असता.’’

मी म्हटलं, ‘‘ते पाचवं माझ्याकडे होतं, मल्लेश.’’

त्याला कळलं नाही. मग मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं, चहा पिणाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. बाटली, चार ड्रायव्हर, हसणं, तेलकट ठिपका, सगळं. मालकांनी कप खाली ठेवला. ‘‘सात वर्षं बे, गजू,’’ एवढंच म्हणाले आणि आत गेले. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. उद्या मला कामावर ठेवतात की नाही, माहीत नाही. ठेवू नये असंही एकदा वाटते.

मल्लेश उठून उभा राहिला. ‘‘मी त्या माणसाले सात वर्षं रामराम नाई केला,’’ असं काहीतरी पुटपुटला. मग माझ्यावर उखडला.

‘‘हे मले काऊन सांगून राह्यले आता? त्याईले सांगाचं होतं!’’

मी म्हटलं, ‘‘त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.’’

‘‘मंग तर सांगाचंच होतं,’’ मल्लेश म्हणाला.

मी मीटरकडे पाहत बसलो. चौथ्याचा आकडा उडाला तेव्हा तोंडातून ‘सापडला’ निघालं, आणि पुढचं काही दिसेना. डोळे पुसायला हात वर केला तर हात तेलाचे. तरी उठलो नाही. पाचवंही गरम केलं. पूर्ण तासभर. चांगलं निघालं. शेल्फवरून तुमची बाटली काढली, ती पार वाळून दगड झाली होती. ठिपका लावला नाही. तो तुमचा आहे, मालकांनी बंद केला तरी तुमचाच.

भाऊ, तुम्ही तलावावरून आले होते. पायजम्याला अजून गाळ होता, हातात पळसाच्या पानातली मरळ, आणि तुम्ही मला विचारलं होतं, ‘‘पाचवं गरम केलं ना बे?’’

नाही, भाऊ. नाही केलं.